न नेलेली फ्रेम

— नाही हो ताई, ते तुमचे वडील नाहीत. कसे असतील? तुम्हीच बघा ना परत, लावा तो पिक्चर, थांबवा तिथेच — काय दिसतं? मोबाइलचा एवढासा पडदा, त्यात सगळा काळोख, काळोखात एक भिंत, भिंतीवर फोटो, फोटोला हार. टोपी आणि मिशी. आता टोपी आणि मिशी आपल्याकडे कोणाच्या वडलांना नव्हती? ह्या खोपटच्या एसटी डेपोसमोर पस्तीस वर्षं फ्रेमा बनवतोय मी, बोर्डावर ‘उत्तम’ लिहिलंय तो मीच, गेलेल्या माणसांवर किती काचा बसवल्या त्याची मोजदाद नाही — आणि माझं ऐका, एकदा हार घातला ना, की सगळे एकमेकांचे भाऊ दिसायला लागतात. भाचीने ओळखलं म्हणता? काय नाव, सान्वी? केवढी होती ती आजोबा गेले तेव्हा? आठ. मग! आठ वर्षांच्या पोरीला सगळे म्हातारे सारखेच. आणि त्यात ते पिक्चरवाले असा खालून लाइट मारतात ना, की आपण स्वतःला ओळखणार नाही. हनुवटीखाली बॅटरी धरून आरशात बघा कधी, मला तर माझा मेव्हणा दिसतो.

बसा ना. उभ्या का? स्टूल हलतं, पण पडत नाही. चहा सांगू? — असं कसं, चहा घ्याच, दोन मिनिटात येतो. पावती दाखवा. हां, आमचीच आहे. अक्षर माझंच. ‘राघो भोईर, बाळकुम, बारा बाय अठरा, सागवानी पट्टी, चंदनाच्या हारासकट.’ आणि तारीख बघा ताई, तारीख बघा! चार वर्षं झाली. चार वर्षांनी माणूस फ्रेम न्यायला येतो होय? लोक दहाव्याच्या आधी घाई करतात, काच ओली असताना घेऊन पळतात, आणि तुम्ही — नाही, रागावत नाही, मी कोण रागावणारा. मिळेल, मिळेल. हरवत नाही माझ्याकडे काही. जरा आत आहे, काढायला लागेल. तोवर त्या पिक्चरचं तुमच्या डोक्यातून काढून टाकतो, नाहीतर घरी जाऊन उगाच बोंब कराल की खोपटच्या फ्रेमवाल्याने बापाला भूत केलं.

त्याचं काय आहे, भुताचा पिक्चर बनवायला भूत लागतच नाही. मला हे माहीत कसं? अहो, माल मी पुरवतो ना. आरसे, फ्रेमा, काचा. एक हर्षित म्हणून पोरगा आहे, आर्ट डायरेक्टर, केस वर बांधतो, घोडबंदरला राहतो — तो पहिल्यांदा आला आणि म्हणाला, काका, चौदा फ्रेमा द्या, जुन्या पाहिजेत, आतल्या माणसांसकट. म्हटलं, माणसांसकट म्हणजे? तर म्हणे, भिंतीवर पूर्वज पाहिजेत. भुताच्या पिक्चरचा नियमच आहे तो. नवीन घर घेतलेलं कुटुंब असतं, नवरा कर्ज काढून मेटाकुटीला आलेला असतो त्यामुळे घर सोडून जाऊ शकत नाही — हे मात्र मला पटतं, भूत परवडलं पण बँक नको — आणि त्या घरात आधीच्या मालकांचे फोटो तसेच लटकलेले असतात. आता मला सांगा, आपल्याकडे कोणी घर विकताना आजोबा भिंतीवर ठेवून जातं का? खिळा पण काढून नेतात हो लोक! पण तसं बोललं की हर्षित म्हणतो, काका, लॉजिक नको, फील पाहिजे.

मग मी गेलेलो ना तिकडे शूटिंगला, शीळफाट्याच्या पुढे एका बंद पडलेल्या कंपनीचं गेस्ट हाऊस आहे, तिथे. भर दुपारी, ऊन असं की डांबर चिकटतंय चपलेला, आणि आत ह्यांनी खिडक्यांना काळे कपडे लावून रात्र केलेली. धूर सोडायचं मशीन — शेजारच्या चाळीतल्या बायका बाहेर आल्या, म्हणाल्या डेंग्यूची फवारणी आमच्याकडे पण करा. रक्त म्हणून गुळाचा पाक आणि लाल रंग. पहिला टेक झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला मुंग्या आल्या. ती मेलेली बाई — चांगली मुलगी हो, डोंबिवलीची, ऐश्वर्या नाव — ती पडलीय पायऱ्यांवर गळा कापून, आणि डायरेक्टर ओरडतोय, प्रेताने खाजवायचं नाही! प्रेताने खाजवायचं नाही! मी एवढा हसलो की मला बाहेर काढलं.

आणि माझं खरं भांडण तर फ्रेमवरून. मी पस्तीस वर्षं एकच गोष्ट शिकलो, फ्रेम सरळ लावायची. दोरा धरतो, लांब जाऊन बघतो, एक डोळा मिटून बघतो, तेव्हा कुठे खिळा मारतो. आणि हा हर्षित येतो आणि प्रत्येक फ्रेम बोटाने जराशी वाकडी करतो. जराशी! म्हटलं, अरे मग पूर्ण वाकडी कर. तर म्हणे, नाही काका, पूर्ण वाकडी केली तर माणसाला कळतं. जराशी वाकडी असली की कळत नाही, फक्त पोटात कसंतरी होतं. कॅमेरा पण तसाच धरतात, एका बाजूला किंचित कललेला. बरं, फोटो खाली पडून काच फुटणार हे तर ठरलेलंच. काच फुटली की घरातलं कोणीतरी जाणार. एका फोटोच्या सात काचा दिल्या मी, प्रत्येक टेकला एक. सात वेळा फुटली, मरायचा होता तो एकच माणूस, तो पण शेवटी मेला नाही, पुढच्या भागासाठी ठेवलाय म्हणे.

आवाज? आवाजाचं तर विचारूच नका. दार कुरकुरतं ना पिक्चरमध्ये, ते माझं शटर आहे. हो, हे तुमच्या मागचं. येऊन रेकॉर्ड करून गेले. मी तेल घालणार होतो, म्हणाले काका, हात लावाल तर याद राखा. आणि घाबरवायची रीत सांगू? आधी सगळं शांत करायचं. पंखा बंद, रातकिडे बंद, गाणं बंद. माणूस आपोआप पुढे सरकून बसतो. मग काहीतरी धाडकन होतं — आणि मांजर निघते. माणूस हसतो, सुटलो म्हणतो, पाठ टेकतो. आणि तेव्हा, तेव्हा खरं येतं. मांजर झाल्यावर. आरशाचं पण तसंच. बाई बाथरूममध्ये जाते, आरशाचं कपाट उघडते, गोळी घेते, कपाट बंद करते, की आरशात मागे कोणीतरी उभं. माझ्याकडून चार आरसे नेले त्या एका सीनसाठी. मी दिवसभर आरसे पुसतो ताई, ह्या दुकानात बघाल तिथे आरसा आहे, आणि मागे उभं राहून राहून कोण राहतं? गिऱ्हाईक. मी आयुष्यात फक्त गिऱ्हाइकाला घाबरलोय.

हो हो, काढतो ना फ्रेम. कुठे पळून जातेय. घाई काय आहे?

ती वरची फळी बघा. ती न नेलेल्यांची. अकरा आहेत सध्या. लोक ऑर्डर देतात रडत रडत, आणि मग येतच नाहीत. कोणाचे भाऊ भांडतात, फोटो कोणाच्या घरी लावायचा म्हणून. कोणी घर बदलतं. कोणाला नवीन भिंतीवर खिळा मारायचा नसतो, रंग खराब होतो. मला आधी राग यायचा. मग सवय झाली. दर अमावास्येला खाली काढतो, पुसतो, उदबत्ती लावतो. एकटाच असतो मी दुकानात, बायको गेल्यापासून घरी जायची पण घाई नसते — मग बोलतो. वेडा नाही, बोलतो आपलं. गोखले मास्तर, आज डेपोत संप आहे. चौधरीबाई, तुमच्या सुनेने परत फोन उचलला नाही. राघोशेठ, आज भाव काय मिठाचा —

हं? राघोशेठ म्हणालो? असेल. बरीच नावं आहेत.

असं बघू नका ताई.

बरं. ठीक आहे. तेच आहेत. पिक्चरमधले तेच आहेत, तुमचे वडील. तुमच्या भाचीचे डोळे चांगले आहेत, माझं चुकलं, तिला सांगा फ्रेमवाल्या काकांनी कान पकडले. पण ऐका — ओरडू नका, ह्या बाजूला सगळी काच आहे — ऐका, मी नाही निवडलं त्यांना. डायरेक्टर स्वतः आलेला, ऋतुराज, दाढीवाला. चौदा फ्रेमा बघितल्या आणि ह्यांच्यासमोर उभा राहिला. पाच मिनिटं उभा. म्हणाला, ह्या माणसाने काहीतरी बघितलंय. म्हटलं, बघितलं असणारच, मिठागरावर होते, जन्मभर मीठ ओढलं, आणि मग तिथेच समोर तीस-तीस मजल्याचे टॉवर उभे राहिलेले बघितले, अजून काय बघायचं माणसाने? तो म्हणाला, बाकीचे तेरा मागे लावा, हा मधोमध. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तीन वर्षं फळीवर पडून होते बिचारे, घरचं कोणी विचारत नव्हतं, म्हटलं जाऊ दे, जरा हवापालट होईल. हिरो झाला आपला माणूस!

पहिल्या दिवशी पहिला शो बघितला मी, कल्याणला जाऊन. एकटा. ते पडद्यावर आले ना, एवढे मोठे, भिंतीएवढे, अख्खं थिएटर किंचाळलं. आणि मी टाळ्या वाजवल्या. शेजारची पोरं म्हणाली, अंकल, दिमाग खराब है क्या? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कारण खलनायक असले तरी बघा, पूर्ण पिक्चर त्यांच्यावर होता. माझ्या दुकानातला कोणी एवढ्या लोकांनी बघितला नाही कधी.

हसलात! चला, हसलात तरी. मग आता रागबिग सोडा, चहा घ्या, आणि — असं करा ना ताई, दिवाळीनंतर या. मी त्यांना नवीन पट्टी बसवून देतो, सोनेरी, माझ्यातर्फे. आज काय अडलंय? चार वर्षं थांबलात, अजून —

आई रिक्षात बसल्यात? कुठल्या रिक्षात? ह्या, बाहेरच्या? आत्ता?

अहो मग आधी सांगायचं! नाही, आत नको. नको, पायरी उंच आहे आमची, गुडघे दुखतील त्यांचे. बसू द्या तिथेच, सावली आहे. सगुणाबाई ना? आठवतात मला. फोटो द्यायला तुम्ही आलेलात, त्या बाहेर उभ्या होत्या, दुकानात पाऊल टाकलं नाही. तुम्ही हार कसला पाहिजे ते सांगत होता, आणि त्या तिथून म्हणाल्या, हार नको. त्यांच्यामुळेच नेली नाही ना फ्रेम तुम्ही? मला वाटलंच. भिंतीवर लावलं की माणूस गेलाच, असं म्हणाल्या? चार वर्षं? ताट पण वाढायच्या? रोज?

आणि आज स्वतःहून म्हणाल्या, त्यांना घरी घेऊन ये.

पिक्चर त्यांनी पण बघितला? नाही. देवाची कृपा. सान्वीने फक्त तुम्हाला दाखवला. बरं झालं. म्हणजे त्यांना माहीतच नाही की — ताई, एक काम करा. ओरिजनल आहे ना तुमच्याकडे? मिठागराच्या ओळखपत्रावरचा होता, छोटा, कोपऱ्यावर शिक्का, मला आठवतं. त्यावरून मोठा करून घेतलेला आपण. ओरिजनल मी पाकिटात घालून परत दिलेला. तो माझा नियम आहे, कोणाचाही ओरिजनल ठेवायचा नाही, लोकांचं एवढंच असतं. तो आणा उद्या, मी ह्याच्याहून झकास —

नाही म्हणजे काय, नाही?

अस्थींबरोबर सोडला. ओळखपत्र पण. सगळंच. आईंनी.

थांबा जरा. पाणी पितो.

दुसरा फोटो? लग्नातला, कोणाच्या बारशातला? — कॅमेरा आला की उठून जायचे. हं. जुनी माणसं, फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. आणि मोठा करून दिलेला तो कल्याणचा लॅबवाला, तो तर दुकान बंद करून गावाला गेला, त्याचा कॉम्प्युटर भंगारात. म्हणजे जगात एकच फोटो. एकच, आणि तो माझ्याकडे. मी धरून चाललेलो ना ताई, की ओरिजनल घरी आहे. पस्तीस वर्षांत प्रत्येकाचा ओरिजनल घरीच असतो. म्हणूनच मी — नाहीतर मी कधी हात लावला नसता, तुमची शपथ, नाहीतर एक कॉपी तरी काढून ठेवली असती, समोर जागृतीचं डिजिटलचं दुकान आहे, दोन मिनिटांचं काम होतं —

सांगतो. सांगतो ना. भुताच्या पिक्चरचा अजून एक नियम राहिला. सगळ्यात जुना. फोटोतल्या माणसाचे डोळे फिरतात. बाई खोलीतून चालली की फोटो तिच्याकडे बघतो. आता तसं कुठल्याही फोटोत वाटतंच, फोटो काढताना माणूस सरळ कॅमेऱ्यात बघत असेल तर तुम्ही खोलीत कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो, त्यात भूत नाही काही. पण ऋतुराजला तेवढं पुरलं नाही. हर्षित म्हणाला कॉम्प्युटरवर करू. ऋतुराज म्हणाला नाही, कॉम्प्युटरचे डोळे मेलेले दिसतात, मला जिवंत पाहिजेत. मग ह्यांनी भिंतीला भोक पाडलं, भिंत प्लायवुडचीच होती, मागे सुदेश म्हणून लाइटवाला आहे त्याला स्टुलावर उभा केला, आणि पुढे फोटो. सुदेशचे डोळे. राघोशेठचा चेहरा आणि सुदेशचे डोळे. तुम्ही त्या मोबाइलवर बघितलेत ना, ते तुमच्या वडलांचे नव्हेत, सुदेशचे. दिवा गावातला आहे. तेवढं एक खरं बोललो मी सुरुवातीला.

हो. त्यासाठी फोटोला पण भोक पाडावंच लागतं.

हर्षितने कापलं. ही हल्लीची पोरं, काय कळतं ह्यांना? हातात तो प्लॅस्टिकचा कटर, पापणीच्या वर टोक टेकवून उभा, आता गाल पण फाडणार, कान पण फाडणार, माझ्याच्याने बघवेना, म्हटलं दे इकडे, गाढवा, मी सांगतो कसं कापतात, काचेचं असो नाहीतर कागदाचं, ब्लेड ओढायचं नसतं, कागद फिरवायचा —

हं.

ब्लेड माझंच होतं, ताई. हात पण माझाच. बघा, बोलता बोलता निघालंच. आणि तुम्हाला अजून एक सांगू, आता लपवून काय करू — मला अभिमान वाटला. सगळं युनिट बघत होतं. पापणीच्या केसाला धक्का न लावता दोन्ही डोळे काढले मी, पाकळीसारखे, ऋतुराज म्हणाला वाह काका, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते दोन तुकडे मी शर्टाच्या खिशात टाकले, नंतर चिकटवू म्हणून. घरी आलो, शर्ट भिजत टाकला. सकाळी आठवलं. धुतलेल्या खिशात लगदा होता. त्या दिवसापासून राघोशेठना मी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. उदबत्ती लावतो, पण पूर्वीसारखं बोलत नाही त्यांच्याशी. काय बोलू? ते अकरा माझ्याकडे बघतात, हे बघत नाहीत, आणि मला ह्यांचीच जास्त भीती वाटते. एवढे पिक्चर बघितले, कधी झोप गेली नाही माझी. ह्याने गेली.

ही घ्या. पेपरात गुंडाळलीय. हळू.

शिव्या द्या ना. द्या, गप्प नका बसू. मी सांगितलं ना तुम्हाला, सगळं शांत झालं की पुढे काय होतं. माझ्या थोबाडीत मारा, ती काच मारा डोक्यात, पण असं हात फिरवत बसू नका त्याच्यावर. चुकलो मी. हौसेपायी चुकलो. तुम्ही विश्वासाने माणूस ठेवून गेलात माझ्याकडे, आणि मी —

आधार कार्ड! अहो, आधारवर असेल ना! आहे? मोबाइलमध्ये आहे? दाखवा, दाखवा. — अरे देवा. डोळे मिटलेत. त्या आधारवाल्याला कोणी सांगितलं नाही का, परत काढ म्हणून? तीन तास उन्हात रांगेत उभे राहिलेले, आणि वर लाइट मारला असेल तोंडावर. जिवंतपणी असा फोटो काढतात आणि म्हणे भुताचे पिक्चर मी पुरवतो.

थांबा. वर बघा. माझ्याकडे नाही, सरळ, त्या आरशाकडे. तुम्ही मगाशी रागावलात ना, मोबाइल समोर धरून — तेव्हाच मला काहीतरी ओळखीचं वाटलेलं. तीन वर्षं रोज समोर होते ते, मला चांगले माहीत आहेत. चित्राताई, ते डोळे तुमच्याकडे आहेत. अगदी तसेच, खोल, आणि वरची पापणी जड. मी थापा मारत नाही आता, थापा संपल्या माझ्या. ऐका, मी ह्या मोबाइलवर तुमच्या डोळ्यांचा फोटो काढतो. फक्त डोळ्यांचा. जागृती फोटो स्कॅन करेल, त्यात ते बसवेल, काळे-पांढरे करेल, कडा मिटवेल, अर्ध्या तासात प्रिंट देईल. फ्रेम मी नवीन करतो. कोणाला कळणार नाही. आईंना पण — नाही, आईंना कळेल. चाळीस-पन्नास वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याचे डोळे बायकोला कळणार नाहीत होय? पण परके तर नाहीत ना ते. सुदेशचे तर नाहीत. त्यांचेच आहेत, तुमच्याकडे दिलेले. बघा, पटलं तर. नाही पटलं तर ही अशीच घेऊन जा आणि माझ्या दुकानावर दगड मारा, मी पोलिसात जाणार नाही.

पटलं? बसा मग. डोळे पुसा आधी, पाणी चमकतं फोटोत. पदराने नको, लाल होतील. हा रुमाल धुतलेला आहे. हनुवटी खाली. आता मोबाइलच्या ह्या गोल काचेत बघा. बरोबर. पापणी मिटू नका, मी एक, दोन —

ताई. दचकू नका. मागे वळू नका एकदम. आरशात कोणीतरी उभं आहे.

या मावशी. या ना. पायरी उंच आहे, सांभाळून. नाही, काही नाही, हे आपलं — नको, तो फोटो उचलू नका मावशी, त्याचं अजून काम बाकी — ताई, सांगा ना त्यांना —

उचललाच.

मावशी, मी उत्तम. मी कापले. माझी चूक आहे, तुमच्या मुलीची काही नाही. तिचे डोळे घेऊन नवीन बसवतोय मी, तेच चाललेलं. तुम्ही नको म्हणाल तर नाही करणार.

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, डेपोतून गाडी सुटतेय. — असं? नक्की? पण फोटोत तर तसं नव्हतं हो, मी तीन वर्षं बघितलाय, दोन्ही सारखेच — नाही, तुम्हीच बरोबर. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच.

ताई, आई काय म्हणतात ऐकलंत ना? डावा डोला बारीक व्हता त्यांचा. मिठावरचं ऊन लागून लागून. ओळखपत्रवाल्याने दोन्ही सारखे करून टाकलेले, फोटोच चुकीचा होता म्हणे, म्हणून नको होता त्यांना घरात. म्हणतात, आता करताय तर नीट करा.

मावशी, तुम्ही इथे बसा, माझ्या खुर्चीवर, आणि बरोबर झालं की सांगा. ताई, डावा डोळा जरा मिटा. एवढा नाही. थोडा उघडा. मावशी, असा? अजून बारीक. ताई, समोर मिठाचे ढीग आहेत असं समजा, बारा वाजलेत, सगळं पांढरं, आणि लांबून तुम्हाला कोणीतरी जेवायला हाक मारतंय. हां. तस्सं. मावशी, हेच ना? — मावशी?

हलू नका ताई. आता कोणी बोलायचं नाही. मी पण नाही.